काकूंच्या गॅसवर बॉयलर

“सुमन, तुला सकाळी काही ऐकू आलं का गं?”

“नाही बाई. काय झालं?”

“मग बरं झालं. ओरडले मी ह्यांच्यावर. या वयात शोभत नाही, कळतं मला. पण एका शेगडीवर माझं वरण आणि दुसऱ्या शेगडीवर ह्यांचा बॉयलर! माणसानं करायचं काय?”

निवडायला घेतलेली मेथी मी भिंतीवर ठेवली. आमच्या आणि काकूंच्या घरामधली ही भिंत कंबरेएवढीच आहे. बांधणाऱ्यानं सिमेंट वाचवलं, त्याचं भलं होवो. कुर्डुवाडीतल्या निम्म्या बातम्या हिच्यावरूनच इकडच्या तिकडे होतात.

“बॉयलर? केवढा?”

काकूंनी अंगठा दाखवला. “एवढा. चिमट्यात धरून तापवत होते. काय चाललंय विचारलं, तर म्हणतात, ‘पत्रा मऊ करतोय.’ म्हटलं, माझा आवाज चढायच्या आत करा.”

तेवढ्यात अण्णा बाहेर आलेच. कपाळावर घड्याळजीचं भिंग चढवलेलं, बनियनच्या खिशात कानस. नॅरोगेजच्या वर्कशॉपात सगळी नोकरी फिटर म्हणून गेली, त्यामुळं निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी खिशात काही लोखंडी नसलं तर त्यांना उघडं उघडं वाटतं.

“तूच सांग सुमन. पितळेचा पत्रा लाटून येतो तेव्हा ताठ असतो. तसाच गोल वळवला तर हात सोडला की परत उलगडतो. लालसर दिसेपर्यंत तापवायचा, गार करायचा, मग मऊ पडतो. माउसपॅडवर ठेवायचा, वरून गज दाबून लाटायचा. झाला बॉयलर. यात वरणाचं काय बिघडलं?”

“गज नव्हता सुरुवातीला,” काकू मला म्हणाल्या. “माझं पुऱ्यांचं लाटणं होतं.”

अण्णांनी ते ऐकलं नाही. पन्नाशीनंतर पुरुषांना नेमकं काय ऐकू येत नाही, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

तर हे इंजिन. गावात एव्हाना सगळ्यांना कळलंय, पण कळलंय ते अर्धवट. चक्कीवाला म्हणतो, अण्णा खरं इंजिन बांधतायत आणि पुढच्या आषाढीला पंढरपूरला नेणार आहेत. देवळातल्या बायकांमध्ये अशी वदंता की मुलानं इंग्लंडहून सोन्याचं खेळणं पाठवलंय. पिवळं दिसलं म्हणजे सोनं. म्हणून जे खरं आहे ते काकूंकडून आणि अण्णांकडून ऐकलं तसं सांगते. मीठमसाला लागला असेल तर तो माझा.

काकूंचा मुलगा मँचेस्टरला असतो. तिकडं रविवारी लोक डोंगरात पायी फिरायला जातात. असाच तो स्टॅफर्डशरमधल्या मॅनिफोल्ड नावाच्या नदीच्या खोऱ्यात गेला. खोऱ्यातून सपाट, छान वळणं घेत जाणारी पायवाट. मागाहून कळलं की ती पायवाट म्हणजे जुन्या रेल्वेचा मार्ग. लीक अँड मॅनिफोल्ड लाइट रेल्वे, १९०४ ला सुरू झाली, १९३४ ला बंद पडली. उण्यापुऱ्या तीस वर्षांचं आयुष्य. शेवटच्या स्टेशनात, हल्म एंडला, आता माहिती केंद्र आहे. तिथं त्यानं वाचलं, रेल्वेचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, गेज अडीच फूट.

आता हे नाव दुसऱ्या कुणी वाचलं असतं तर पुढं गेला असता. पण पोरगा कुर्डुवाडीचा. कॅलथ्रॉप म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचा माणूस! त्यानं तिथूनच फोटो पाठवला. काकू सांगतात, त्या रात्री अण्णा झोपले नाहीत. मला वाटतं काकूही झोपल्या नसाव्यात, कारण अण्णा जागे असले की बोलतात.

“कोण हो हा कॅलथ्रॉप?” मी विचारलं. कुर्डुवाडीत राहून हे विचारायला थोडी लाज वाटली, पण आम्ही लग्न होऊन आलेल्या.

“जीआयपी रेल्वेत नोकरीला आला होता, १८८२ मध्ये,” अण्णा भिंतीला टेकले. टेकले म्हणजे आता अर्धा तास. “त्यानं पाहिलं, बार्शीची पेठ केवढी, कापूस केवढा, आणि मोठी रेल्वे गावाला बगल देऊन गेलेली. माल बैलगाडीनं स्टेशनवर आणायचा. म्हणाला, छोट्या गेजची लाइन टाकू. १८९५ ला लंडनमध्ये कंपनी काढली, १८९७ ला बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू. बार्शी रोड म्हणजे हेच, आपलं कुर्डुवाडी. पुढं पंढरपूर, लातूर, शेवटी मिरज.”

“आणि घोडे सांगा की,” काकू म्हणाल्या.

“हो, अरबी घोडे पाळायचा. घोड्यांवर पुस्तक लिहिलंय.”

“त्याच्या बायकोनं काय केलं असेल हो,” काकू. “बाहेर घोडे, घरात इंजिनाचे कागद.”

“आणि पॅराशूट,” अण्णा म्हणाले. “पहिल्या महायुद्धाच्या वेळी त्यानं पॅराशूट काढलं. ‘गार्डियन एंजल’ नाव. पण इंग्रजांच्या हवाईदलानं आपल्याच वैमानिकांना ते दिलं नाही.”

“का?”

“साहेबांना वाटलं असेल, उडी मारता येते म्हटल्यावर पोरं विमान सोडून देतील.”

काकू म्हणाल्या, असल्या साहेबांनाच आधी वरून सोडायला हवं होतं. मी होकार दिला.

पण अण्णांचं खरं प्रेम कॅलथ्रॉपच्या पॅराशूटवर नाही, पाच टनांवर आहे. हे मला पाठ झालंय. त्या माणसाचा हिशोब असा, की गाडीतल्या प्रत्येक आसावर पाच टनांच्या वर वजन येऊ द्यायचं नाही. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, खर्च खाली येतो. इंजिन जड हवं तर चाकं वाढवायची, आसावरचा भार नाही. म्हणून बार्शीसाठी लीड्सच्या किट्सन कारखान्यानं जी पहिली इंजिनं बांधली त्यांना जोडलेली चाकं आठ आणि मागं आणखी चार. इकडं पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथं रूळ टाकून, गाडी चालवून लोकांना दाखवली. मॅनिफोल्डची दोन इंजिनंही त्याच किट्सनची आणि बार्शीवरूनच बेतलेली, फक्त जरा आटोपशीर: पुढं दोन चाकं, मधे जोडलेली सहा, मागं चार. एकाचं नाव ‘ई. आर. कॅलथ्रॉप’, दुसऱ्याचं ‘जे. बी. अर्ल’.

“आणि दिवा बघ,” अण्णांनी फोनवर जुना फोटो दाखवला. इंजिनाच्या तोंडावर हा एवढा दिवा. “आपल्याकडं ठीक आहे, रात्री रुळावर म्हैस बसलेली असते. इंग्लंडच्या त्या खोऱ्यात कशाला? पण नकाशे इकडचे, म्हणून दिवाही इकडचा.”

मला तो दिवा फार आवडला. साहेबाच्या देशात दुधाचे डबे वाहणारी गाडी, आणि तोंडावर आपल्या म्हशींसाठीचा दिवा. त्या रेल्वेचं मोठं गिऱ्हाईक दूधच होतं म्हणे. आणखी एक गंमत, मोठ्या गेजच्या वाघिणी उतरवून घ्यायला नकोत म्हणून त्या तशाच छोट्या गेजच्या सपाट गाड्यांवर चढवून न्यायचे. छोट्या रेल्वेच्या खांद्यावर मोठी रेल्वे. दोन्ही इंजिनं पुढं भंगारात गेली. बार्शीची ती आठ चाकांचीही गेली. अण्णांनी नोकरीत पाहिली ती नंतरची, टेंडरवाली. म्हणजे हे जे घरात चाललंय त्याचं मूळ पाहायला आता कुठं जायची सोय नाही.

मुलानं मग अण्णांच्या वाढदिवसाला त्याच मॅनिफोल्डच्या इंजिनाच्या मॉडेलचं किट पाठवलं. इथून काकूंची बाजू ऐका.

“खोका आला एवढासा. मला वाटलं चॉकलेटं. उघडलं तर पितळेचे पातळ पत्रे, त्यावर नक्षी. मी म्हटलं, रांगोळीचे छाप आहेत का? एका पिशवीत राखाडी धातूचे तुकडे, चिमणी, घुमट, तो दिवा. आणि इंग्रजी कागद. चाकं नाहीत! मोटर नाही! गिअर नाही! मी म्हटलं, पोराला फसवलं. तर हे म्हणतात, ‘असंच असतं, ते वेगळं घ्यायचं.’ अगं, ताट वाढलं आणि म्हणायचं भात-वरण तुमचं तुम्ही आणा.”

“पण हे इंजिन चालतं कशावर? कोळसा घालायचा का?” मी विचारलं.

“विजेवर,” काकू म्हणाल्या. “वाफेचं इंजिन आणि विजेवर! इतकं करून.”

अण्णांनी इथं खुलासा केला, की खऱ्या वाफेवरचीही किट मिळतात, पण ती मोठी. रुळांमध्ये पाच इंच अंतर, आत खराखुरा बॉयलर, खरा कोळसा, आणि माणूस मागच्या गाडीवर बसून बागेत फेऱ्या मारतो. इंग्लंडात या छंदाचं ‘मॉडेल इंजिनिअर’ नावाचं मासिक १८९८ पासून निघतं. ते ऐकून काकूंनी अण्णांकडं असं पाहिलं की पुढची दहा वर्षं तो विषय घरात निघणार नाही.

आता नक्षीच्या पत्र्याचं. मला आधी वाटायचं, हे यंत्रानं कापतात. नाही. पत्र्याला प्रकाशानं बदलणारा लेप लावायचा, वर चित्राची फिल्म ठेवून प्रकाश द्यायचा, मग फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायचं. लेप उरला तिथं धातू वाचतो, बाकीचा खाऊन जातो. दोन्ही बाजूंनी खाल्ला तर आरपार, एकाच बाजूनं खाल्ला तर अर्धी जाडी. ही अर्धी जाडी म्हणजे खरी युक्ती. जिथं घडी घालायची तिथं अर्ध्या जाडीची रेघ, की घडी सरळ त्या रेघेवरच पडते. आणि जिथं रिव्हेट हवी तिथं मागच्या बाजूला अर्ध्या जाडीचा ठिपका. त्या ठिपक्यावर बोथट टोकानं दाबलं की पुढं रिव्हेटचं डोकं उमटतं.

“पाण्याच्या टाकीवर किती रिव्हेटा आहेत बघ,” अण्णा म्हणाले. मी भिंगातून पाहिलं. मोहरीही मोठी वाटावी अशा ओळी.

“त्यातल्या पहिल्या ओळी माझ्या,” काकू हळूच म्हणाल्या.

“काय?”

“ह्यांचा हात थरथरतो ना सकाळी, चहाच्या आधी. मी दाभण घेऊन बसले. गोधडी शिवलेल्या हाताला काय अवघड? उलट ह्यांच्या ओळी वाकड्या.”

अण्णांनी हेही ऐकलं नाही.

खरं अवघड काम झाळण्याचं. हे मी दोन दुपारी खुर्ची टाकून पाहिलं, मालिका सोडून. मला वाटायचं सोल्डर म्हणजे सोल्डर, रेडिओवाल्याकडं असतं ते. तर इथं त्याच्या तीन जाती. एक वितळतं १८८ अंशांना, दुसरं १४५ ला आणि तिसरं ७० ला. का? तर आधी जोडलेला सांधा नंतरच्या सांध्याच्या उष्णतेनं सुटू नये म्हणून. पहिल्या जोडण्या वरच्या तापमानाच्या, त्यांच्यावर बसणारे तुकडे मधल्या, आणि शेवटी ते राखाडी ओतीव भाग ७० वाल्यानं. नाहीतर पायरी लावायला जावं आणि केबिनची भिंत हातात यावी.

आणि कथलाला वाट दाखवायला आम्ल लागतं, पातळ फॉस्फरिक आम्ल. थेंब लावायचा, सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवायचं, चर्र झालं की कथील फटीत पळतं. अण्णा म्हणतात, हात घट्ट धरून कथील ढकलायचं नसतं, जागा स्वच्छ ठेवली की ते आपण होऊन जातं. म्हणून रोज संध्याकाळी ते इंजिन धुवायचं. आम्ल राहिलं तर सकाळी हिरवं. टूथब्रश, साबण आणि, काकूंच्या ओट्यावरून पळवलेली, पितांबरी.

“देवाची भांडी काळी पडली माझी,” काकू म्हणाल्या. “इंजिन बघ कसं लख्ख.”

ओतीव भागांची एक दुर्घटना सगळ्या आळीला माहीत आहे, तरी सांगते. तो राखाडी धातू फार लवकर वितळतो. सोल्डरिंग आयर्न गार करायला विसरून अण्णांनी चिमणी बसवायला घेतली. काकू म्हणतात, ‘अगं’ म्हणेपर्यंत चिमणीचं पाणी झालं, घुमटाच्या बाजूला एक मणी उरला. घरात दोन दिवस सुतक. दुसरी मागवायची तर इंग्लंडहून यायला वेळ. मग अण्णा सोलापूरला जुन्या सहकाऱ्याच्या लेथवर जाऊन पितळेच्या गजातून चिमणी कातून घेऊन आले. स्वतः कातली. खालची कड बॉयलरच्या गोलाईला बसेना, म्हणून बॉयलरवर पॉलिशपेपर गुंडाळून त्याच्यावर चिमणी घासत बसले. ती चिमणी आता मूळ चिमणीपेक्षा चांगली आहे, असं अण्णांचं मत. माझंही.

या चिमणीवरूनच देशमुख भाऊजींशी वाद पेटला.

देशमुख भाऊजी म्हणजे आमच्या पलीकडच्या बाजूचे, बँकेतून निवृत्त. त्यांना प्रत्येक गोष्टीची किंमत आणि व्याख्या हवी असते. ते माझ्या अंगणात उभे राहून अण्णांना म्हणाले, “अण्णा, राग मानू नका. पण हे तुम्ही बनवलेलं नाही. हे तुम्ही जोडलेलं आहे. बनवलं त्या इंग्लंडच्या माणसानं. माझा नातू प्लॅस्टिकची विमानं जोडतो, तो म्हणतो का मी विमान बनवलं?”

मी दोन भिंतींच्या मधे, हातात सूप. काकू म्हणाल्या, “झालं!”

अण्णा शांत होते. म्हणाले, “भाऊ, तुम्ही पीओएच ऐकलंय?”

“नाही.”

“इंजिन ठरावीक काळानं शॉपमध्ये यायचं. सगळं उघडायचं. बॉयलर वेगळा, चाकं वेगळी, दांड्या वेगळ्या. तपासायचं, झिजलेलं बदलायचं, पुन्हा जोडायचं. सुटे भाग स्टोअरमधून, त्यावर नंबर मारलेला, ड्रॉइंगप्रमाणे. तरी एकही भाग आणला आणि बसला असं व्हायचं नाही. कानस घ्यावीच लागायची. मला पगार नंबर वाचायचा नव्हता, बसवायचा होता.”

“पण ड्रॉइंग त्यांचं.”

“शॉपमध्येही माझं नव्हतंच की.”

भाऊजी जरा गप्प झाले. मग म्हणाले, “तरीपण.” बँकेतल्या माणसाचा ‘तरीपण’ फार जड असतो.

माझं मत विचाराल तर मी अण्णांच्या बाजूची, आणि ते शेजारधर्म म्हणून नाही. त्या इंग्रजी कागदावर मी नजर टाकली आहे. ‘भाग अमुक घडी घालून तमुकला लावा, चित्र पाहा.’ चित्रात अमुकही दिसत नाही, तमुकही नाही. आधी काय, मग काय, कुठं किती घासायचं, कुठली बाजू आत, हे सगळं जोडणाऱ्यानं ठरवायचं. एक पायरी चुकली तर तीन पायऱ्या मागं. खोक्यात तुकडे येतात. ते एकमेकांत बसणं खोक्यात येत नाही.

आणि चाकांचं पाहिलं असतं तर भाऊजींनी तो शब्द काढलाच नसता. ते मी पाहिलंय, म्हणून सांगते.

आधी चाकांना जोडणाऱ्या दांड्या तयार करायच्या. चौकट नंतर. मला हे उलटं वाटलं. पण दांडीतल्या भोकांचं अंतर आणि चौकटीतल्या आसांचं अंतर केसभरही वेगळं असेल तर चाक फिरतच नाही. म्हणून दांडी हाच साचा. तिच्या भोकांत आस घालून त्याप्रमाणे चौकटीत बेअरिंग बसवायचं. सगळं काचेवर ठेवून, गुण्या लावून. काच म्हणजे काकूंच्या जुन्या कपाटाचा आरसा. त्याबद्दल काकू काही बोलल्या नाहीत, म्हणजे तो त्यांनीच दिला असणार.

मग क्वार्टरिंग. अण्णांनी मला उभं करून हातवारे करायला लावले. इंजिनाच्या डाव्या बाजूची दांडी वर असेल तर उजव्या बाजूची पाव फेरा पुढं किंवा मागं असायला हवी. खऱ्या इंजिनात का? तर पिस्टन टोकाला पोचला की त्या क्षणी तो चाकाला फिरवू शकत नाही, जोर सरळ आसावरच पडतो. दोन्ही बाजू एकदम टोकाला गेल्या तर इंजिन तिथंच अडकेल. पाव फेऱ्याचा फरक ठेवला की एक अडलं तेव्हा दुसरं ढकलतं. मॉडेलमध्ये वाफ नाही, मोटर एकाच आसाला फिरवते, पण बाकीच्या चाकांना ती दांडीच ओढत नेते, तेव्हा नियम तोच. आणि नुसता पाव फेरा असून भागत नाही, तिन्ही आसांवर अगदी सारखा पाव फेरा हवा. एकावर थोडा कमी-जास्त झाला की इंजिन लंगडतं.

आणि ते लंगडलं. आठवडाभर लंगडलं. अण्णा एक आस सोडवायचे, डोळा मिटून बघायचे, जरा फिरवायचे, पुन्हा दाबायचे. रुळाच्या तुकड्यावर ठेवून बोटानं ढकलायचे. टक. तिथंच टक. वर्कशॉपात यासाठी मशीन असतं म्हणे, आस चढवला की कोन बरोबर. इथं मशीन म्हणजे अण्णांचा डोळा. काकू आतून विचारायच्या, “चाललं का?” अण्णा म्हणायचे, “टक.” मग तो शब्दच झाला त्या घरात. दूधवाला आला का? टक.

सुटलं ते एका गुरुवारी. मी इकडं कपडे वाळत घालत होते. पलीकडून काहीच आवाज आला नाही, तेव्हाच मला कळलं.

एवढं झाल्यावर सगळं सुखानं व्हायला हवं, नाही का? पण अण्णांना सुख मानवत नाही. एके दिवशी कॅलिपर घेऊन रूळ मोजत बसले आणि जेवणावरून उठले.

“काय झालं?” मी काकूंना विचारलं.

“एक मिलिमीटर.”

“काय एक मिलिमीटर?”

“ते ह्यांनाच विचार. मी तीन वेळा ऐकलंय.”

तर असं. या किटचं प्रमाण एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे खऱ्याच्या शहात्तराव्या भागाएवढं. खरं गेज अडीच फूट. अडीच गुणिले चार, दहा मिलिमीटर. आणि रूळ नऊचे. कारण त्याहून छोट्या प्रमाणाच्या मॉडेलांचे नऊ मिलिमीटरचे रूळ आणि चाकं बाजारात सर्रास मिळतात, तेव्हा छंदवाल्यांनी सोय पाहिली आणि सगळ्या अरुंद रेल्वे नऊवरच बसवल्या.

“एक मिलिमीटर म्हणजे खऱ्यात तीन इंच, सुमन!” अण्णांचा आवाज चढला. “तीन इंच! आम्ही गेज तीन इंच चुकवलं असतं तर साहेबानं आम्हाला त्याच रुळावर आडवं निजवलं असतं.”

मोठ्या रेल्वेच्या मॉडेलांतही इंग्रजांनी हेच करून ठेवलंय. तिथं रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, हवेत १८.८३ चे. युरोपातली मॉडेलं फुटाला साडेतीन मिलिमीटरची, त्यांना साडेसोळा बरोबर बसतं. पण इंग्लंडची इंजिनं अंगानं बारीक, तेवढ्या प्रमाणात केली तर त्या काळच्या मोटरी आत मावेनात. म्हणून वरचं अंग चार मिलिमीटरनं फुगवलं आणि खालचे रूळ तेच ठेवले. तेव्हापासून तिथली बहुतेक सगळी मॉडेलं आखूड पायांवर उभी आहेत. काही कडवे लोक मात्र १८.८३ चेच रूळ स्वतः बांधतात. अण्णांना त्या लोकांबद्दल अपार आदर. आपल्या ब्रॉडगेजला याच प्रमाणात बरोब्बर बावीस मिलिमीटर लागतात, हे त्यांनी मला न विचारता सांगितलं.

“मग आता?” मी म्हटलं. “पुन्हा आस बदलायचे?”

अण्णांनी उत्तर दिलं नाही. काकूंनी आभाळाकडं पाहिलं.

शेवटी इंजिन नऊवरच राहिलं. म्हणजे काकूंनी ठेवलं. त्या म्हणाल्या, आता याला रंग द्या, नाहीतर मी देते, आणि माझ्याकडं फक्त ओट्याच्या टाइल्सचा पांढरा उरलाय. मग अण्णांनी आधी धातूला धरून राहील असा प्राइमर मारला. त्यात सगळ्या चुका दिसतात, पितळेवर दिसत नसलेल्या. पुन्हा घासणं. रंग कुठला यावर मँचेस्टरला दोन रविवार फोन चालले. ठरलं किरमिजी. त्यावर पिवळी बारीक रेघ ओढायला जुनी रुलिंग पेन हवी, ती भाऊजींकडं निघाली, त्यांच्या शाळेतल्या कंपासपेटीतली.

भाऊजी पेन द्यायला आले ते बसलेच. रेघ ओढताना पाहत राहिले. अण्णांनी श्वास रोखून टाकीच्या कडेनं रेघ आणली, कोपऱ्यावर थांबले, पेन उचललं. तेव्हा भाऊजी म्हणाले, “चिमणी तुम्ही बनवली, हे मला मान्य आहे.”

“फक्त चिमणी?” काकू म्हणाल्या.

“आणि रिव्हेटा.”

“त्या मी केल्यात,” काकू म्हणाल्या.

यावर भाऊजींना व्याख्या सापडेना. त्यांनी चहा मागितला.

आता नवीन. हे मात्र अजून कुणाला माहीत नाही, तुम्ही पुढं सांगू नका. अण्णांना बार्शीचं ते पहिलं इंजिन करायचंय, आठ जोडलेल्या चाकांचं. त्याचं किट नाही. म्हणजे पत्रा आणायचा, जुन्या ड्रॉइंगवरून आकार काढायचे, बारीक करवतीनं कापायचे, आणि यावेळी गेज दहा मिलिमीटर, मिळत नसतील तर आसही स्वतः कातायचे. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, ते पाहून आल्यापासून यांच्या अंगात हे शिरलंय.

काल काकू भिंतीशी आल्या त्या हातात चिठ्ठी घेऊन.

“अगं, पुढच्या आठवड्यात पुण्याला भाचीचं लग्न आहे ना, हे दे वाचून. मला चष्मा सापडत नाही.”

मी वाचलं. पितळी पत्रा, जाडी ०.४ मिलिमीटर. पितळी नळी, दोन व्यास. झाळायचं सोल्डर, १४५ अंशांचं मिळालं तर. बोहरी आळीत आधी बघावं. खाली रेघ मारून लिहिलं होतं: पत्रा गुंडाळून आणू नये, पोक येतो. सपाट आणावा. साडीच्या खोक्यात बसेल.

“साडीच्या खोक्यात?” मी म्हटलं.

“हो. आणि साडी कुठं ठेवू ते नाही लिहिलं. तू येतेस का गं माझ्याबरोबर? तुला लक्ष्मी रोडला काही बघायचं असेल तर बघ, मी तोवर बोहरी आळीत जाऊन येते. नाहीतर असं कर, तूही एक खोकं घे. पत्रे दोन आहेत.”